लिव्हर कॅन्सर स्टेम सेल्सना सिग्नल देण्याआधी

लिव्हर कॅन्सर स्टेम सेल्सवर, म्हणजे नवी गाठ धरवू शकणाऱ्या पेशींवर, प्रयोग करताना सायटोकाइनची (पेशींना संदेश देणाऱ्या प्रथिनाची) कुपी फ्रीझरमधून काढण्याआधी एवढं तपासा, की ज्या पेशींना सिग्नल द्यायचा आहे त्यांच्यात तो मार्ग आधीपासूनच चालू तर नाही ना. निकालांचा बराचसा घोळ इथेच होतो.

म्हणून सुरुवात सेल लाइनपासून, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींपासून. विंट मार्ग (विंट प्रथिनाने चालू होणारी, बीटा-कॅटेनिन साचवणारी सिग्नल-साखळी) बघायचा असेल तर हाताशी आहे म्हणून हेपजी२ ही सेल लाइन घेऊ नका. तिच्यात बीटा-कॅटेनिन जनुकाच्या एका प्रतीतून तिसऱ्या एक्झॉनचा (जनुकातल्या एका तुकड्याचा) भाग गळालेला असतो. ज्या जागी फॉस्फेट लागून हे प्रथिन मोडीत निघतं, ती जागाच गेल्याने ते साचत राहतं आणि मार्ग कायम चालू. अशा पेशींत एलजीके९७४ हा इनहिबिटर (रोधक रसायन) टाकून विंटचा स्राव रोखला तरी फारसा फरक पडत नाही, आणि आपण मात्र ‘विंटचा इथे संबंध नाही’ असं लिहून मोकळे होतो. शिवाय हेपजी२ आता हेपॅटोब्लास्टोमाची (लहान मुलांच्या यकृत-कर्करोगाची) मानतात, प्रौढांच्या हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाची नव्हे. या प्रश्नासाठी एचयूएच७ बरी. एसटीआर (पेशी त्याच लाइनच्या आहेत ना, हे डीएनएवरून बघणारी) आणि मायकोप्लाझ्मा (त्या जिवाणूचा संसर्ग शोधणारी) या चाचण्या ताज्या हव्यात.

मग माध्यम. स्फिअरसाठी (तरंगत वाढणाऱ्या पेशींच्या गोळ्यांसाठी) सीरमविरहित डीएमईएम/एफ१२ हे पोषक द्रावण, बी२७ हे पूरक, ईजीएफ आणि बीएफजीएफ ही वाढ-घटक प्रथिनं (प्रत्येकी साधारण २० नॅनोग्रॅम प्रति मिली), शिवाय पेशी चिकटणार नाहीत अशा प्लेट. पण हे माध्यमही गप्प नसतं: ईजीएफ ईआरके जागं करतो, बी२७ मधलं इन्सुलिन एकेटी; ही दोन्ही पेशीतला सिग्नल पुढे नेणारी प्रथिनं. लिगँड (सिग्नल देणारा रेणू) द्यायच्या आधी काही तास पेशी यांच्याशिवाय ठेवा, आणि त्या अवस्थेचा नमुना वेगळा काढा. पेशी विरळ टाका, नाहीतर एकीपासून वाढलेला गोळा आणि चार-पाच जणींनी मिळून केलेला गोळा यांतला फरक कळत नाही. सीडी१३३ किंवा एपकॅम या पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणांवरून सॉर्टिंग (पेशी वेगळ्या काढणं) असेल तर पेशी सुट्या करायला ट्रिप्सिनऐवजी अ‍ॅक्युटेज वापरा.

टीजीएफ-बीटा हा सायटोकाइन प्लॅस्टिकला चिकटतो. तो सौम्य आम्लात, थोडं बीएसए (एक प्रथिन) घालून विरघळवा, छोटे भाग करून गोठवा आणि तेच आम्ल-बीएसए कंट्रोललाही (सायटोकाइन न दिलेल्या पेशींना) द्या. इनहिबिटर असेल तर तो ज्यात विरघळवतात त्या डीएमएसओचंही तसंच.

वेळापत्रक आधी कागदावर मांडा. आयएल-६ हा सायटोकाइन दिल्यावर स्टॅट३ या प्रथिनावरच्या टायरोसिन ७०५ ला फॉस्फेट काही मिनिटांतच लागतं, पुढे एसओसीएस३ हे रोधक प्रथिन वाढून तो सिग्नल दबतो. फॉस्फेटेज इनहिबिटर (फॉस्फेट निघू न देणारं रसायन) घातलेला लायसिस बफर (पेशी फोडायचं द्रावण) बर्फात तयार नसेल तर नेमका तो क्षण हुकतो. बीटा-कॅटेनिन साचायला मात्र तास लागतात, दोन्हींना एकच टाइम-पॉइंट चालणार नाही.

स्फिअर वाढले एवढ्यावर स्टेम सेल म्हणणं मला पटत नाही. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत लिमिटिंग डायल्यूशनने, म्हणजे कमी कमी पेशी टोचून, गाठ धरते का ते बघावंच लागतं. त्यासाठीच्या प्राणी-नैतिकता समितीच्या मंजुरीला वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज पेशी वितळवायच्या आधी पाठवा.