टाइल्स फोडायच्या आधी हे करून बघा (जुन्या बिल्डिंगवाल्यांसाठी)

आमची बिल्डिंग 1984 ची, डोंबिवलीतली, चार मजली बिनलिफ्टची. खालच्या काकूंच्या सीलिंगला ओल आली तेव्हा प्लंबर आला, दोन मिनिटं वर बघितलं आणि म्हणाला बाथरूमची जमीन काढायला लागेल. काढली. नवा नाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी जातं तिथला जाळीखालचा भाग), नवं वॉटरप्रूफिंग, नवीन कोबा (टाइल्सखालचा सिमेंटचा थर), नव्या टाइल्स, आठ दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळी. महिन्याभरात काकू परत दारात, ओल तशीच! शेवटी निघालं काय, तर भिंतीतनं गिझरकडे जाणाऱ्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) लाइनच्या एल्बोला, म्हणजे वळणावरच्या जोडाला, गंजून सुईएवढं भोक पडलेलं. म्हणजे गळत होती भिंत आणि आम्ही फोडली जमीन.

तर पहिला प्रश्न हाच, की गळतंय ते येणारं पाणी की जाणारं पाणी? येणाऱ्या लाइनमध्ये पाणी कायम भरलेलं असतं त्यामुळे ती चोवीस तास गळते, तुम्ही गावाला गेलात तरी ओल वाढतच राहते. जाणारी लाइन, म्हणजे ट्रॅप, वेस्ट पाईप, संडासचा पाईप, ही वापर असेल तेव्हाच गळते, मग सकाळी आंघोळीनंतर थेंब वाढतात आणि दुपारी थांबतात असं काहीतरी दिसतं. खालच्यांना फक्त एवढंच विचारा की ओल कधी वाढते, भांडण नंतर करा.

मग रात्री झोपताना वरच्या टाकीकडून तुमच्या घरात येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व बंद करायचा आणि एक नळ उघडून आतलं पाणी काढून टाकायचं. (काही घरांत संडास-बाथरूमची लाइन वेगळी आणि किचनची वेगळी असते, दोन्ही बघा. आणि थेट कॉर्पोरेशनच्या पाण्याची लाइन असेल तर ती तिसरी.) एरवी रात्री बाथरूम न वापरताही टपकत असेल आणि या रात्री ते सकाळपर्यंत थांबलं किंवा बरंच कमी झालं तर दोष येणाऱ्या लाइनमध्ये, जमिनीला हात लावायचा नाही. फक्त त्या रात्री बाथरूम वापरू नका नाहीतर काहीच कळणार नाही.

टपकणं चालूच राहिलं, किंवा एरवीही वापरल्यावरच टपकत असेल, तर जाणाऱ्या पाण्याकडे वळायचं. ट्रॅपच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट कोंबा, बाथरूमच्या जमिनीवर इंचभर पाणी साठवा, त्यात कपड्यांची नीळ टाका आणि दिवसभर तसंच ठेवा. खाली निळं उतरलं तर टाइल्सचे सांधे किंवा कोबा गेलाय. नाही उतरलं तर फडकं काढा आणि निळं पाणी ट्रॅपमधून सोडा, आता निळं आलं तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाईप. कोब्यातनं पाणी झिरपून यायला वेळ लागतो हं, तासाभरात निकाल मागू नका. फ्लश टँकलाही हीच नीळ चालते, टँकमध्ये टाकून अर्धा तास फ्लश न करता भांड्यात बघा, निळं दिसलं तर आतलं रबर बदला, स्वस्तातलं काम आहे आणि नाहीतर पाणी चोवीस तास गपचूप वाहत असतं.

खर्च कोणाचा यावरून सोसायटीत सगळ्यात जास्त आवाज चढतो. हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरची कॉमन पाईपलाइन, ड्रेनेज लाइन आणि पावसाच्या पाण्याचं लीकेज सोसायटीच्या खर्चाने, आणि घरातल्या संडास, सिंक वगैरेचं लीकेज ज्याच्या घरातनं होतंय त्याच्या खर्चाने. म्हणून निळ्या डागाचे फोटो काढून ठेवा, मीटिंगमध्ये कामाला येतात.

आता चोकअप. एकच जाळी तुंबली तर प्रॉब्लेम तुमचा. सिंक असेल तर खालचा बॉटल ट्रॅप हाताने उघडतो, बादली ठेवून उघडा, आत तूप, चहाचा चोथा आणि भाताचा लगदा सापडेल. पण फ्लश केल्यावर बाथरूमच्या ट्रॅपमधून गुडगुड आवाज येत असेल किंवा ग्राउंडवाल्यांकडे पाणी उलटं येत असेल तर चोकअप मेन पाईपात किंवा चेंबरमध्ये (गटाराच्या झाकणाखालच्या हौदात) आहे, तुमच्या घरात कितीही स्प्रिंग (पाईप मोकळा करायची लांब तार) फिरवा काही होणार नाही. गच्चीवर जाऊन व्हेंट पाईपचं (ड्रेनेजला हवा मिळायला वर उघडा ठेवलेला पाईप) तोंड पण बघा, आमच्याकडे कोणीतरी कबुतरं बसतात म्हणून त्यावर फरशी ठेवली होती! आणि बाहेरच्या बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पाईपच्या सांध्यात पिंपळ उगवलेला दिसला तर नुसता छाटू नका, मूळ आत गेलेलं असतं, सांधा उघडून काढायला लागतं.

अ‍ॅसिड ओतायची सवय सोडा. जुन्या बीडाच्या पाईपाला आणि सिमेंटच्या सांध्यांना ते खातं. ड्रेनची पावडर टाकल्यावर त्यावर अ‍ॅसिड तर चुकूनही नको, उकळून अंगावर उडतं, आणि अ‍ॅसिड व ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. चेंबर किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवू नका, "दोनच मिनिटं" म्हणून सुद्धा नाही, आत वायू असतो आणि माणूस वर येत नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून हे काम करून घेण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे, सक्शनची गाडी बोलवा.

मे महिन्यात गावाहून आल्यावर घरात गटाराचा वास आणि झुरळं? बहुतेकदा पाईप फुटलेला नसतो. ट्रॅपमध्ये दोनेक इंच पाणी उभं असतं तेच वास अडवतं आणि ते उन्हाळ्यात सुकतं. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, झालं. निघताना वरून चमचाभर गोडेतेल टाकलं तर पाणी लवकर उडत नाही.

प्रेशर कमी असेल तर आधी नळाच्या तोंडाची जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. सगळेच नळ मंद आणि सकाळचं पहिलं पाणी लालसर, म्हणजे जीआय पाईप आतून गंजून भरलाय, अर्ध्या इंचाचं भोक पेन्सिलीएवढं उरलेलं असतं. अशा लाइनला तुकडा जोडू नका, एका ठिकाणी पाना लावला की जुने आटे पुढे दोन ठिकाणी तुटतात. अख्खी लाइन बाहेरून सीपीव्हीसीमध्ये (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा पाईप) ओढून घ्या, दिसायला बरी नाही दिसत पण पुढचं लीकेज डोळ्यांना दिसतं. गिझरच्या गरम लाइनला साधा पांढरा पीव्हीसी लावू देऊ नका, तो गरम पाण्याने नरम पडतो. आणि टाकी धुतल्यावर अचानक पाणी बंद झालं असेल तर तो गंज नाही, लाइनमध्ये हवा अडकलीय, सगळ्यात खालचा नळ पूर्ण उघडून थोडा वेळ ठेवा.

मेन व्हॉल्व महिन्यातून एकदा तरी फिरवत जा, जुना फुलीचा व्हॉल्व नेमका गरजेच्या दिवशी जाम झालेला असतो. आणि कुठलंही काम सकाळी लवकर काढा, संध्याकाळी सातला एल्बो तुटला आणि हार्डवेअरवाल्याने शटर ओढलं की अख्ख्या विंगचं पाणी बंद आणि जिन्यात सगळे तुमच्याकडेच बघतात.