प्रबंधातले संदर्भ : या चुका टाळा

प्रबंध जमा करायला आठवडा उरलेला असतो, साम्य-तपासणीचा, म्हणजे सॉफ्टवेअरने प्रबंध इतरांच्या मजकुराशी ताडून दिलेला अहवाल हातात पडतो, आकडा ३४ टक्के. मग धावपळ सुरू होते : शब्द बदला, वाक्य फिरवा, टक्के खाली आणा. तोवर खूप उशीर झालेला असतो. वाङ्मयचौर्य दोन-तीन वर्षांपूर्वी, टिपणं काढतानाच घडून गेलेलं असतं. म्हणून दुरुस्तीही तिथूनच करायला हवी.

टिपणांत अवतरणचिन्हं नसणं

सगळ्यात जास्त प्रबंध इथे बुडतात. पुस्तकातला परिच्छेद वहीत किंवा फाइलमध्ये जसाच्या तसा उतरवला जातो, खाली स्वतःचे चार विचार लिहिले जातात, आणि मध्ये कसलीच खूण नसते. वर्षभराने फाइल उघडली की आपलं कुठलं नि लेखकाचं कुठलं हे खुद्द लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण जर्मनीतलं आहे. कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग हे तिथले तेव्हाचे संरक्षणमंत्री. बायरॉइट विद्यापीठाने २००७ मध्ये त्यांना कायद्यातली डॉक्टरेट दिली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रबंधातले उतारे दुसऱ्यांचे असल्याचं उघड झालं आणि स्वयंसेवकांनी इंटरनेटवर एकत्र येऊन पानन् पान तपासलं. प्रस्तावनेची सुरुवातच एका जर्मन दैनिकातल्या १९९७ च्या लेखातून उचललेली निघाली, लेखिकेचा उल्लेख न करता. गुटेनबर्ग यांचा खुलासा असा, की संसार आणि राजकारण सांभाळत वर्षानुवर्षं काम चाललं, साहित्य वेगवेगळ्या संगणकांवर नि डिस्कवर साठलं, त्यात कुठलं कुणाचं याचा मेळ राहिला नाही. २३ फेब्रुवारीला विद्यापीठाने पदवी काढून घेतली, १ मार्चला मंत्रिपद गेलं. पुढे विद्यापीठाच्या चौकशी आयोगाने ही जाणूनबुजून केलेली फसवणूक ठरवली. टिपणांचा गोंधळ झाला, ही सबब कुठलीच समिती ऐकून घेत नाही.

सवय अशी लावा. टिपणाच्या डोक्यावर लेखक, ग्रंथ, प्रकाशक, गाव, आवृत्ती, वर्ष. मजकूर उतरवण्याआधी पान क्रमांक, कारण नंतर लिहू म्हटलेला पान क्रमांक कधीच लिहिला जात नाही. शब्दशः घेतलेलं सगळं दुहेरी अवतरणचिन्हांत. स्वतःचा विचार निळ्या शाईत, किंवा ओळीच्या सुरुवातीला ‘मी :’ असं लिहून. ग्रंथालयात मोबाइलवर पानांचे फोटो काढत असाल तर पहिला फोटो मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचा आणि दुसरा मुद्रण-तपशिलाच्या पानाचा. नाहीतर महिन्याभराने पानं हातात असतात आणि पुस्तक कुठलं ते आठवत नाही.

शब्द बदलले की वाक्य आपलं झालं, हा समज

समजा, ‘क्ष’ या लेखकाच्या पुस्तकात पान ६१ वर असं वाक्य आहे : “१९७२ च्या दुष्काळाने ग्रामीण महाराष्ट्रातल्या मजुराला सरकारकडे हक्काने काम मागायला शिकवलं.”

घाईत लिहिणारा हे असं करतो : ‘१९७२ सालच्या दुष्काळामुळे ग्रामीण महाराष्ट्रातील कामगार शासनाकडे अधिकाराने रोजगार मागू लागला.’ मजुराचा कामगार झाला, सरकारचं शासन झालं, हक्काचा अधिकार झाला. वाक्याचा सांगाडा तोच आणि विचारही तोच. इथे संदर्भ दिला नाही तर सरळ चोरी आहे. दिला तरीही लबाडी उरतेच, कारण ही मांडणी तुमची आहे असं वाचकाला वाटतं.

खरं पुनर्लेखन असं दिसेल : ‘रोजगार हमी ही मंत्रालयातून खाली आलेली कल्पना, की दुष्काळी कामांवरच्या मजुरांच्या दबावातून घडलेली? क्ष (२००४, पृ. ६१) यांचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे.’ इथे लेखकाचा विचार तुमच्या प्रश्नाच्या कामी आला. हे साधायचं तर उतारा दोनदा वाचा, पुस्तक मिटा, उठून पाणी पिऊन या आणि मग लिहा. लिहून झाल्यावर पुस्तक उघडून ताडून पाहा. लेखकाचा एखादा खास शब्द तसाच राहिला असेल तर त्याला अवतरणचिन्ह द्या.

याच्याच जोडीला चौदा शब्दांची अफवा आहे : सलग चौदा शब्द जुळले नाहीत तर चोरी धरत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या विनियमांत सलग चौदा शब्दांपर्यंतची सूट आहे ती सर्वज्ञात माहितीला आणि योगायोगाने जुळणाऱ्या शब्दांना. तेरा शब्द उचलायचे, चौदावा बदलायचा, हा परवाना कुणी दिलेला नाही. असे प्रबंध वाचताना लगेच कळतात. दर ओळीत एक शब्द ठेच लागल्यासारखा येतो.

‘दहा टक्के माफ असतात’

त्याच विनियमांत प्रबंधासाठी टप्पे आहेत : १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० ला सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध, ४० ते ६० ला वर्षभर सुधारित प्रबंध देण्यास मनाई, ६० च्या वर नोंदणीच रद्द. विद्यार्थी एवढंच वाचतात. गोषवारा, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष आणि शिफारशी यांत साम्य असताच कामा नये, असंही तिथेच म्हटलं आहे. एकूण आकडा ६ टक्के आणि ते सगळं निष्कर्षाच्या प्रकरणात, हा अहवाल अभिमानाने दाखवण्यासारखा नव्हे. आकडा बाजूला ठेवा आणि रंगवलेली प्रत्येक ओळ वाचा. मार्गदर्शकांनीही वाचावी, प्रमाणपत्रावर सही त्यांची असते.

उलटही घडतं. नीट उद्धृत केलेला मजकूर तपासणीतून वगळायचा असतो, पण टर्निटिनसारखं सॉफ्टवेअर दुहेरी अवतरणचिन्ह ओळखतं, एकेरी ओळखत नाही. मराठीत एकेरी चिन्हांची सवय आहे, त्यामुळे प्रामाणिक माणसाचा आकडा विनाकारण फुगतो. उद्धृतांसाठी दुहेरीच वापरा.

मराठी प्रबंधातल्या दोन पळवाटा

पहिली, भाषांतराची. इंग्रजी लेख मशीनमधून काढायचा आणि मराठी परिच्छेद स्वतःच्या नावावर खपवायचा. सॉफ्टवेअरला तो बऱ्याचदा सापडत नाही, पण विषय जाणणाऱ्या परीक्षकाला सापडतो, आणि प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात गेला की मूळ लेखकासह कुणालाही सापडू शकतो. भाषांतर केलेल्या उताऱ्यालाही अवतरणचिन्ह, पान क्रमांक आणि कंसात ‘अनुवाद माझा’ हे लागतंच.

दुसरी अनेकांच्या हातून नकळत होते. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरांची सरमिसळ असतो. तो कशाशीच जुळत नाही आणि अहवाल १-२ टक्के येतो. तो अहवाल निरर्थक आहे. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, जोडाक्षरं आणि रफार तपासा, मगच फाइल चढवा.

बाकीच्या, थोडक्यात

मूळ ग्रंथ न वाचता दुसऱ्याच्या पुस्तकातून त्याचा संदर्भ उचलू नका. ‘वेबर, उद्धृत : क्ष, २००४, पृ. ६१’ असं लिहा आणि सूचीत फक्त क्ष ठेवा. नाहीतर क्ष यांनी चुकवलेला पान क्रमांक तुमच्याही प्रबंधात जसाच्या तसा येतो आणि उसनवारी उघडी पडते.

पुनर्मुद्रणाचं वर्ष एकटं देऊ नका. ‘फुले, १९९१’ वाचून काय समजायचं? ‘गुलामगिरी’ १८७३ ची. समग्र वाङ्मयाची १९९१ ची आवृत्ती वापरली असेल तर एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत ‘फुले, १८७३/१९९१’, आणि पान क्रमांक हातातल्या आवृत्तीचा.

जुन्या ग्रंथांवर शके असतं. त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंतच्या तारखेला ७९.

शासन निर्णयाला विभाग, क्रमांक आणि दिनांक द्या. नुसतं ‘महाराष्ट्र शासन’ लिहिलं तर तो कुणालाच शोधता येणार नाही.

मराठी विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. श्रेय त्या लेखकाचं आहे.

स्वतःचा छापलेला शोधनिबंध प्रबंधात घालतानाही संदर्भ द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये याबद्दल वेगळी सूचना काढली आहे.

एआयने दिलेला कुठलाही संदर्भ ग्रंथ किंवा लेख प्रत्यक्ष उघडल्याशिवाय सूचीत घेऊ नका. नसलेल्या लेखांना खरी वाटणारी नावं, अंक नि पानं तो सहज जोडतो.

शेवटी संदर्भसूची कागदावर छापून घ्या. प्रबंध पहिल्या पानापासून वाचत प्रत्येक संदर्भापुढे पेन्सिलीने खूण करा. खूण न झालेलं नाव सूचीतून काढा. मजकुरात असलेलं पण सूचीत न सापडलेलं नाव समासात लिहून त्याच दिवशी ग्रंथालयात जाऊन पूर्ण करा.