किलोचा भाव आणि वासराची किंमत

दूध तोडलं त्याच आठवड्यात वासरं विकायला काढायची चूक मी पहिल्या वर्षी केली. हंबरून हंबरून घसे बसलेले, पोटं आत गेलेली. घेणाऱ्याने एकदा नजर फिरवली आणि भाव पाडला. त्याचं बरोबर होतं. अशी वासरं नव्या गोठ्यात गेली की दोन-तीन आठवड्यांत छातीच्या आजाराने बसतात आणि औषधाचा खर्च त्याच्या माथी येतो.

आता मी दूध तोडल्यावर किमान 45 दिवस त्यांना घरीच ठेवते. गाय कुंपणापलीकडे, वासरू अलीकडे. एकमेकांना दिसतात, हुंगतात, पण पिता येत नाही. ओरडणं लवकर थांबतं आणि वासरू चरायचं सोडत नाही. या मुदतीत ते गव्हाणीत खायला आणि हौदावर प्यायला शिकतं, लशीचा दुसरा डोसही उरकतो. तारखा वहीत लिहा, घेणाऱ्याला दाखवा. खच्ची करणं आणि शिंगं डागणं मात्र कोवळ्या वयातच. जखम ओली असलेलं वासरू विकायला काढू नका.

भावाचं म्हणाल तर ‘आज काय भाव फुटला?’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या वजनाला फुटला, ते विचारा. हलक्या वासराला बहुधा किलोमागे जास्त मिळतात, वजन चढेल तसा किलोचा दर उतरतो. समजा, 200 किलोच्या वासराला किलोला 100 आणि 250 किलोच्याला 92 भाव आहे. पहिल्याचे झाले 20,000, दुसऱ्याचे 23,000. म्हणजे वाढवलेल्या 50 किलोंचे हाती आले 3,000. किलोला 60, 92 नव्हे! चारा, खुराक, औषध, मजुरी धरून एक किलो वजन चढवायला 60 पेक्षा कमी लागत असतील तरच मी थांबते. खुराक महागला की हे गणित उलटतं, म्हणून दर आठवड्याला ते नव्याने मांडते.

त्यासाठी वहीत चार रकाने पुरतात: वजन, गोऱ्हा की कालवड, आवक, भाव. दोन-तीन हंगामांच्या नोंदी झाल्या की सगळ्यांची वासरं एकदम कधी येतात आणि भाव कधी बसतो, ते आपल्याच अक्षरात दिसतं. दाण्याचा भावही शेजारी लिहा. दाणा चढला की वासरं पोसणारे हात आखडता घेतात.

विकताना एका अंगाची, एका वजनाची वासरं एकत्र उभी करा. एखादं खुरटलेलं असेल तर ते वेगळं विका, नाहीतर सगळ्या घोळक्याचा भाव त्याच्यावर ठरतो.

शेवटची गोष्ट काट्याची. प्रवासात आणि उपाशी उभं राहण्यात वजन उतरतं. 250 किलोत 4 टक्के घट म्हणजे 10 किलो, 92 च्या भावाने 920. म्हणून सौद्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या: काटा गोठ्याजवळ की बाजारात, वजनातून किती घट कापणार, आणि पैसे कोणत्या दिवशी.