परदेशात पीपीएल पूर्ण करताना: सोलोनंतरचा जमाखर्च

अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी, म्हणजे पीपीएलसाठी, गेलेल्या विद्यार्थ्याची गाडी बहुधा पहिल्या सोलोनंतर, म्हणजे प्रशिक्षकाविना एकट्याने केलेल्या पहिल्या उड्डाणानंतर, अडते. सोलोपर्यंत रोजचे काम एकच असते, विमान सुरळीत उतरवणे, आणि ते जमते आहे की नाही हे प्रशिक्षकाइतकेच विद्यार्थ्यालाही कळते. त्यानंतर मात्र प्रशिक्षणाला अनेक फाटे फुटतात: रात्रीचे उड्डाण, डोळ्यांवर हुड चढवून केवळ उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण, क्रॉस-कंट्री म्हणजे दूरच्या विमानतळापर्यंतचे उड्डाण, लेखी परीक्षा, आणि चेकराइडची, म्हणजे परीक्षकासमोरील तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षेची, तयारी. यांतील प्रत्येकाची किमान अट वेगळी आणि काहींची मुदतही वेगळी असल्यामुळे एकूण तास वाढत गेले तरी प्रशिक्षण पूर्णत्वाला जात नाही. हा उत्तरार्ध कौशल्याइतकाच जमाखर्चावर उभा असतो, आणि तो जमाखर्च शाळेवर न सोपवता विद्यार्थ्याने स्वतः ठेवावा, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

आपले प्रशिक्षण एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या, कोणत्या नियमांखाली चालले आहे, हे सर्वप्रथम विचारून घ्यावे. पार्ट ६१ खाली किमान ४० तासांचे उड्डाण लागते, तर पार्ट १४१ खाली मंजूर अभ्यासक्रमानुसार शिकणाऱ्यास किमान ३५ तास पुरतात. दोन्ही आकडे किमान आहेत. प्रत्यक्षात ६० च्या घरात तास गेले तर त्यात नवल नाही आणि कमीपणाही नाही, फक्त पैशांची तजवीज करताना ४० हा आकडा धरू नये. पुढील तपशील पार्ट ६१ चा आहे. पार्ट १४१ मधील विद्यार्थ्याने तो आपल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहावा, कारण काही अटी, विशेषतः लांब पल्ल्याच्या सोलो उड्डाणाची, तेथे वेगळ्या आहेत.

चाळीस तासांपैकी किमान २० तास प्रशिक्षकाबरोबर आणि किमान १० तास एकट्याने उडवलेले असावे लागतात. प्रशिक्षकाबरोबरच्या तासांत क्रॉस-कंट्रीचे ३, रात्रीचे ३, उपकरणांचे ३ आणि चेकराइडच्या तयारीचे ३ तास आले पाहिजेत. सोलोच्या १० तासांत ५ तास क्रॉस-कंट्रीचे असावेत आणि त्यांत एक उड्डाण एकूण १५० नॉटिकल मैलांचे, तीन ठिकाणी पूर्ण थांबून उतरलेले आणि ज्याचा एक टप्पा सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांहून अधिक आहे असे असावे. शिवाय नियंत्रण मनोरा चालू असलेल्या विमानतळावर एकट्याने तीनदा उड्डाण करून तीनदा पूर्ण थांबून उतरावे लागते; ज्यांची शाळा मनोरा नसलेल्या लहान धावपट्टीवर आहे, त्यांच्याकडून नेमकी हीच अट शेवटपर्यंत राहून जाते.

रात्रीच्या ३ तासांत १०० नॉटिकल मैलांहून लांबचे एक क्रॉस-कंट्री आणि पूर्ण थांबून केलेली १० लँडिंग अपेक्षित आहेत. ‘पूर्ण थांबून’ या शब्दांकडे माझे दुर्लक्ष झाले. माझ्या लॉगबुकात रात्रीची १० लँडिंग होती, शाळेच्या संगणकातही १० होती, सर्वांचे समाधान होते. चेकराइडच्या दोन दिवस आधी दुसऱ्या एका प्रशिक्षकाने सहज पान उलटले आणि शेऱ्याच्या रकान्यातील ‘टच अँड गो’ या तीन शब्दांवर बोट ठेवले. त्या एका लँडिंगमध्ये चाके टेकवून आम्ही तसेच पुन्हा वर गेलो होतो. नियमाने नऊच झाली होती! त्याच रात्री विमान मिळाले आणि आकाश निरभ्र होते म्हणून निभावले. वाण्याच्या खतावणीप्रमाणे एका वहीत प्रत्येक अटीचे स्वतंत्र पान करावे, दर उड्डाणानंतर त्यात नोंद करावी आणि बेरीज आठवड्यातून एकदा प्रशिक्षकाच्या सहीशी जुळवावी, ही सवय मला त्यानंतर लागली. ती आधी लागावयास हवी होती.

तासांइतकेच तारखांकडेही लक्ष असावे. सोलोची एन्डॉर्समेंट, म्हणजे प्रशिक्षकाने सहीनिशी दिलेली परवानगी, ९० दिवसांपुरतीच चालते. विमान दुरुस्तीला गेले, प्रशिक्षक एअरलाइनमध्ये रुजू झाला, मध्ये पावसाळी आठवडे आले की हे ९० दिवस कधी सरले ते कळत नाही, आणि मग एकट्याने केलेले उड्डाण नियमबाह्य ठरते. चेकराइडच्या तयारीचे ३ तास परीक्षेच्या महिन्याआधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांच्या आत झालेले असावे लागतात; म्हणजे परीक्षा १० नोव्हेंबरला असेल तर १ सप्टेंबरपासूनचे तास चालतील, ऑगस्टमधले चालणार नाहीत. लेखी परीक्षेचा निकाल २४ कॅलेंडर महिने ग्राह्य असतो, त्यामुळे तिकडून घाई नसते. तरीही ती पहिल्या लांब क्रॉस-कंट्रीच्या आधी उरकावी, कारण हवामान, नकाशे आणि हवाई क्षेत्रांचा तोच अभ्यास विमानात लगेच वापरता येतो. प्रश्न ६० असतात आणि उत्तीर्ण होण्यास ७० टक्के लागतात. निकालपत्रावर चुकलेल्या विषयांचे सांकेतिक क्रमांक छापलेले असतात. ते विषय प्रशिक्षकाबरोबर पुन्हा करून त्याची सही घ्यावी लागते आणि परीक्षक तोंडी परीक्षेत त्याच विषयांना हात घालतो. म्हणूनच ७२ टक्क्यांवर आनंद मानणारा विद्यार्थी स्वतःसाठीच प्रश्नपत्रिका लांबवत असतो.

महाराष्ट्रातून गेलेल्यांना एक अडचण हमखास येते, ती नावाची. आपल्यापैकी अनेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. कोणी वैद्यकीय तपासणीचा अर्ज भरताना ते गाळतो, कोणी एफएएच्या आयएसीआरए या अर्जप्रणालीत त्याचे एकच आद्याक्षर टाकतो, आणि लेखी परीक्षेच्या केंद्रावर पासपोर्ट दाखवून पूर्ण नाव नोंदवतो. चेकराइडच्या सकाळी परीक्षकासमोर एकाच माणसाची तीन नावे उभी राहतात. पासपोर्टवर जसे आहे तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने, सर्वत्र लिहावे आणि दुरुस्ती असल्यास महिनाभर आधी करून घ्यावी.

परीक्षकाची तारीख हा तर स्वतंत्र विषय आहे. काही पार्ट १४१ शाळांना स्वतः परीक्षा घेण्याचा अधिकार असतो. इतरत्र एफएएने नेमलेला परीक्षक, ज्याला सगळे डीपीई म्हणतात, आपले शुल्क घेऊन चेकराइड घेतो. अशा परीक्षकांची वेळ कित्येक आठवडे आधीच भरलेली असते. ‘सगळे तयार झाले की तारीख घेऊ’ असे म्हणणारा विद्यार्थी तयार होऊन दीड महिना बसून राहतो, दरम्यान हात गंजू नये म्हणून पदरचे पैसे घालून उडत राहतो. लांब क्रॉस-कंट्री झाले की लगेच तारीख मागावी. फ्लोरिडात जून ते सप्टेंबर या काळात शक्यतो सकाळचीच वेळ घ्यावी. तेथे उन्हाळ्यात दुपारी ढग असे चढतात की आपल्याकडच्या वळवाची आठवण व्हावी, फक्त तेथे तो रोज येतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उलट प्रकार असतो: सकाळी समुद्रावरून आलेला खालचा ढग धावपट्टी झाकून ठेवतो आणि दुपारकडे आकाश मोकळे होते. परतीचे तिकीट चेकराइडच्या दुसऱ्या दिवसाचे काढू नये, हे वेगळे सांगावयास नको. पण आम्ही काढतो.

चेकराइडची सुरुवात टेबलावर होते. परीक्षकाने आधी दिलेल्या मार्गाचा आराखडा, त्या दिवसाचे हवामान, वजन आणि समतोलाचा हिशेब, विमानाची कागदपत्रे हे सर्व समोर असावे. येथे सर्वाधिक विद्यार्थी विमानाच्या देखभाल नोंदवहीत अडखळतात. वार्षिक तपासणी, भाड्याने शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विमानाची १०० तासांची तपासणी, ट्रान्सपॉन्डरची (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राची) २४ महिन्यांची आणि ईएलटीची (अपघातात संकेत पाठवणाऱ्या यंत्राची) १२ महिन्यांची तपासणी, यांतील प्रत्येक नोंद त्या जाड वहीत कोठे आहे ते आदल्या दिवशी शोधून चिकटपट्ट्या लावून ठेवाव्यात. वजन पौंडांत मांडण्याची आणि उंचीमापकाचा दाब हेक्टोपास्कलऐवजी पाऱ्याच्या इंचांत वाचण्याची सवय तोवर अंगवळणी पडलेली असतेच, तरी घाईत किलोचा आकडा पौंडांच्या रकान्यात लिहिणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. उत्तर ठाऊक नसल्यास ते कोणत्या पुस्तकात मिळेल हे सांगून ते काढून दाखवावे; परीक्षक पाठांतर तपासत नसतो.

उड्डाणात अपेक्षा आकड्यांत ठरलेल्या असतात, आणि हे विद्यार्थ्याच्या फायद्याचेच आहे. ४५ अंश कलून घेतलेल्या वळणात उंची १०० फुटांहून आणि वेग १० नॉट्सहून अधिक ढळू देऊ नये, व वळण सुरू केलेल्या दिशेच्या १० अंशांच्या आत विमान सरळ करावे. स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल सुटलेल्या अवस्थेतून, सावरणे जमिनीपासून १,५०० फुटांच्या वर पूर्ण व्हावे. शॉर्ट-फील्ड लँडिंगमध्ये, म्हणजे आखूड धावपट्टीवर उतरण्याच्या पद्धतीत, ठरवलेल्या खुणेच्या अलीकडे उतरणे चालत नाही आणि पलीकडे २०० फुटांची मुभा असते. सेसना १७२ एस या विमानात त्यासाठी फ्लॅप पूर्ण उघडून ६१ नॉट्सचा वेग सांगितला आहे. चार-पाच नॉट्स जास्त ठेवून ‘सुरक्षित’ येऊ पाहणाऱ्याचे विमान धावपट्टीला न टेकता तरंगत राहते आणि खूण, मग मुभेचे २०० फूटही, चाकांखालून निघून जातात. हे लक्षात येताच शक्ती वाढवून पुन्हा फेरी मारावी. वेळेवर घेतलेल्या गो-अराउंडने कोणी नापास होत नाही, ओढूनताणून टेकवलेल्या लँडिंगने होतो. रेडिओवर काही कळले नाही तर ‘से अगेन’ म्हणावे. नियंत्रक भराभर बोलतात, आणि न समजलेल्या सूचनेला होकार देणे हे उच्चाराच्या संकोचापेक्षा फार महाग पडते.

हवामानामुळे किंवा यांत्रिक बिघाडामुळे परीक्षा अर्धवट राहिल्यास परीक्षक तसे पत्र देतो आणि ६० दिवसांच्या आत उरलेला भागच तेवढा पूर्ण करता येतो. नापास झाल्यास प्रशिक्षकाकडून त्या भागाचे पुन्हा प्रशिक्षण घेऊन नवी सही लागते. फेरपरीक्षाही ६० दिवसांच्या आत झाली तर सर्वसाधारणपणे आधी उत्तीर्ण झालेल्या भागांचे श्रेय मिळते. एम-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याने या ६० दिवसांचा मेळ आय-२० या शाळेने दिलेल्या प्रवेशपत्रावर छापलेल्या समाप्तीच्या तारखेशी घालून पाहावा. मुदतवाढीचा अर्ज तारीख उलटण्यापूर्वी करावयाचा असतो, नंतर नव्हे.

उत्तीर्ण झाल्यावर हाती पडतो तो १२० दिवसांचा तात्पुरता परवाना. कायमचे कार्ड टपालाने येते, म्हणून अर्जात असा पत्ता द्यावा जेथे तुम्ही गेल्यावरही कोणी ते पाकीट घेऊन ठेवील. ज्यांचा अमेरिकेत पत्ता नाही त्यांना एफएएच्या नियमानुसार तेथील एजंट नेमून त्याची नोंद करावी लागते.

भारतात सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, घेण्याचा विचार असणाऱ्यांनी शाळा सोडण्यापूर्वी लॉगबुकाची प्रत्येक पानाची बेरीज तपासून शाळेच्या मुख्य प्रशिक्षकाची सही आणि शिक्का घ्यावा. पुढे बारामतीहून किंवा नागपूरहून ईमेल पाठवून एका सहीसाठी विनवण्या करणे मनस्तापाचे असते, विशेषतः तो प्रशिक्षक शाळेतून गेलेला असेल तर. डीजीसीएला, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाला, सीपीएलसाठीच्या २०० तासांत १०० तास पीआयसीचे, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेल्या वैमानिकाचे, लागतात. अमेरिकेत पीपीएल हाती आल्यावर प्रशिक्षक शेजारी असतानाही स्वतः विमान हाताळलेला वेळ पीआयसी म्हणून नोंदवता येतो, परंतु भारतात तो तसाच धरला जाईल असे गृहीत धरू नये. खऱ्या अर्थाने एकट्याच्या जबाबदारीवर केलेल्या तासांसाठी वेगळा रकाना आखावा आणि त्याची बेरीज पहिल्या सोलोच्या दिवसापासून सुरू करावी.