टेबलावरची स्पिरिटची शेकोटी: भडका का होतो, भाजल्यावर काय करायचं, भरपाई कशी मागायची

महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांत, तापोळा-बामणोलीच्या तंबूंपुढे आणि आता साताऱ्यातल्या घरांच्या गच्चीवरही सिमेंटची किंवा काचेची एक छोटी वाटी टेबलावर दिसू लागली आहे. तिच्यात १००-१५० मिली स्पिरिट ओतायचं, काडी लावायची, की पाऊण तास शेकोटी. धूर नाही, राख नाही. पहिल्यांदा पेटवताना सहसा काही होत नाही. आग मंदावते, कुणीतरी बाटली उचलून पुन्हा ओततं, आणि घात तिथे होतो.

पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतू नये, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळलं गेलं. स्पिरिट त्याहून अवघड आहे. रॉकेलची पेट घेण्याइतकी वाफ व्हायला साधारण ३८ अंशांच्या वर तापमान लागतं. स्पिरिटमधल्या इथेनॉलला १३-१४ अंश पुरतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलला १२. म्हणजे डिसेंबरातली महाबळेश्वरची रात्र सोडली, तर आपल्याकडे बाटलीतलं स्पिरिट कायम पेट घेण्याच्या तयारीत असतं. इथेनॉलची वाफ हवेत ३.३ ते १९ टक्के असली की मिश्रण पेटतं, आणि २० अंशांना अर्ध्या बाटलीतल्या मोकळ्या जागेत ती सहा टक्क्यांच्या आसपास भरते. म्हणून भरलेल्या बाटलीपेक्षा तळाशी थोडंसं उरलेली बाटली जास्त धोक्याची. वाटीतली ज्योत ओतणाऱ्या धारेवरून बाटलीत शिरते, आतलं मिश्रण भडकतं आणि त्याच्या दाबाने पेटतं स्पिरिट तोंडातून पिचकारीसारखं बाहेर फेकलं जातं. ते काही मीटर लांब जातं. त्यामुळे बऱ्याचदा ओतणाऱ्यापेक्षा समोर बसलेला जास्त भाजतो, आणि समोर मूल असेल तर ज्वाळा थेट त्याच्या तोंडाच्या उंचीवर येते.

‘विझली होती, मग ओतलं’ असं अनेकदा सांगितलं जातं. सांगणारा खोटं बोलत नसतो. अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते. उन्हात किंवा झगझगीत दिव्याखाली ती दिसतच नाही. ज्योत खरंच गेली असली तरी तापलेली वाटी ओतलेल्या स्पिरिटची लगेच वाफ करते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने टेबलावरून पसरत शेजारच्या मेणबत्तीपर्यंत पोचते.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९ डिसेंबर २०२४ रोजी या वस्तूंबद्दल जाहीर इशारा दिला. २०१९ पासून तिथे २ मृत्यू आणि किमान ६० जखमी अशी नोंद त्यात आहे. ज्या शेकोटीत उघड्या वाटीत द्रव इंधन ओतून तिथल्या तिथे पेटवावं लागतं, ती विकत घेऊ नका आणि वापरू नका, असं आयोगाने स्पष्ट म्हटलं. त्याआधी ऑक्टोबरमध्ये एकाच ब्रँडच्या सुमारे ८९,५०० शेकोट्या परत मागवल्या गेल्या होत्या. आपल्याकडे ऑनलाइन मिळणाऱ्या बहुतेक वाट्या याच उघड्या घडणीच्या आहेत. आमचा सल्ला सरळ आहे: ही वस्तू घेऊ नका. कोळशाची शेगडी अंगणात पेटवा, तंबूत किंवा बंद खोलीत मात्र तीही नको.

घरात असेलच तर

एका संध्याकाळी एकदाच भरायची. संपली की संपली. पुन्हा भरायचीच असेल तर झाकणाने पूर्ण झाकून किमान अर्धा तास थांबा. सिमेंटची वाटी उष्णता धरून ठेवते, तिला याहून जास्त वेळ लागतो. वाटीला उघडा हात सहज लावता आला तरच बाटली उघडा. बाटलीतून थेट न ओतता स्टीलच्या छोट्या पेल्यात मोजून घ्या, बाटलीचं झाकण लावा, ती दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मगच पेल्यातलं स्पिरिट वाटीत ओता. सांडलेलं पुसून, पुसलेलं फडकं लांब टाकून, लांब दांड्याच्या लायटरने पेटवा. पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर यातलं काहीही चालणार नाही.

टेबलावर प्लॅस्टिकचा कापड नको. सिंथेटिक ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस आगीपासून लांब. मुलं टेबलापासून दोन-तीन मीटर मागे. कासच्या बाजूला किंवा टेबललँडच्या कडेला वारा अचानक उलटतो, तिथे ही वाटी पेटवूच नये. वाटीपेक्षा मोठी स्टीलची परात हाताशी ठेवा. टेबलावर भडका झाला तर एका बाजूने सरकवत ती पालथी घालायची. पेटलेली वाटी उचलून बाहेर न्यायला धावू नका, पेटतं स्पिरिट अंगावर सांडतं.

माणूस पेटला तर

पळू देऊ नका. आडवं पाडा, लोळवा, घोंगडी किंवा जाड सुती चादर टाकून दाबा. लोकर सहजी पेट घेत नाही, नायलॉनचं ब्लँकेट वितळून कातडीला चिकटतं. मग भाजलेला भाग २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली. भाजल्यापासून तीन तासांच्या आत केव्हाही याचा उपयोग होतो, पण जितकं लवकर तितकं चांगलं. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काहीच नको. डॉक्टरांना ते खरवडून काढावं लागतं आणि जखमेची खोली कळत नाही. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठी, घड्याळ उतरवा. चिकटलेला कपडा ओढू नका. स्वयंपाकघरातल्या पातळ प्लॅस्टिकच्या रॅपने किंवा धुतलेल्या सुती कापडाने झाका, बाकी अंग उबदार ठेवा.

रुग्णाच्या स्वतःच्या बोटांसकट तळव्याइतकी जागा म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. मोठ्या माणसाचं १५ टक्क्यांहून जास्त, लहान मुलाचं १० टक्क्यांहून जास्त भाजलं असेल तर सलाइन लागतं. चेहरा, हात, सांधे, गुप्तांग भाजलं असेल तर प्रमाण न मोजता निघा. आवाज घोगरा झाला, नाकातले केस जळाले किंवा थुंकीत काजळी दिसली तर श्वासनलिका सुजू शकते. १०८ ला फोन करताना हे आधी सांगा. महाबळेश्वरहून साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय घाट उतरून ५० किलोमीटरहून लांब आहे. श्वासाचा त्रास नसेल तर गाडीची वाट बघतानाच ती २० मिनिटं वापरा.

दावा बाटलीवर उभा राहतो

रुग्णालयात एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) करताना ‘शेकोटीने भाजलं’ एवढंच सांगू नका. ‘वाटीत स्पिरिट ओतताना ज्वाळा बाटलीत शिरली आणि बाटलीतून भडका आला’ हे नेमकं लिहून घ्या. पुढे जबाबात, पंचनाम्यात आणि तक्रारीत हेच वाक्य तपासलं जातं. जबाब वाचूनच सही करा.

वाटी धुऊ नका. उरलेलं इंधन मूळ बाटलीत घट्ट बंद करून, आगीपासून दूर जपा. जळालेले कपडे, खोका, माहितीपत्रक, बिल ठेवा. ऑनलाइन जाहिरातीचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, कारण ती उतरवली जाते. ज्या फोनवर ते काढले तो मूळ फोन सांभाळा. खोक्यावरचं आयातदाराचं नाव-पत्ता आणि कोणत्या देशात बनली ते टिपा. हॉटेलात घडलं असेल तर सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी लेखी द्या, पोच घ्या. जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. जखमेचे फोटो पहिल्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने.

विक्रेता बऱ्याचदा म्हणतो, ‘वस्तू परत पाठवा, पैसे देतो.’ पाठवू नका. ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहक न्यायालय, सदोष वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. वस्तूच नसेल तर तपासणार काय?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या जबाबदारीचं, वेगळं प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. कलम ८४ खाली घडणीतला दोष किंवा पुरेशा सूचना-इशारा नसणं यासाठी उत्पादक जबाबदार ठरतो. उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल तर कलम ८६ खाली विक्रेत्यावर दावा करता येतो. पाहुणा म्हणून बसलेला आणि यजमानाच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. हॉटेलच्या गिऱ्हाइकाला सेवेतल्या त्रुटीचा दावा हॉटेलवर करता येतो. हॉटेलमालकाने मात्र वस्तू धंद्यासाठी घेतलेली असते, तो या कायद्याने सहसा ग्राहक ठरत नाही.

समोरून कलम ८७ येणार, हे धरून चाला: गैरवापर झाला, धोका उघड होता, वापरणारा दारू प्यायलेला होता. वाटीत थिनर ओतलं असेल तर बाजू खरोखर कमजोर होते. पण आगीने भाजतं हे उघड असलं, तरी ज्वाळा बाटलीत शिरून माणसावर उलटते हे सामान्य ग्राहकाला माहीत नसतं. माहितीपत्रकात तो इशारा ठळक, समजेल अशा भाषेत होता का, यावर तक्रारीचा भर ठेवा.

ग्राहक आयोगाची पातळी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, वस्तूसाठी दिलेल्या किमतीवरून ठरते. म्हणून दोन हजारांच्या वाटीसाठी २० लाखांची भरपाईही जिल्हा आयोगातच मागायची, आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यात किंवा सांगलीत, दाखल करता येतं. ई-जागृती पोर्टलवर घरूनही होतं, वकील सक्तीचा नाही, प्राथमिक विचारपूस १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. मुदत दोन वर्षं.

रक्कम मागताना फक्त आजची बिलं जोडू नका. भाजल्याचा व्रण आखडतो. प्रेशर गारमेंट (व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा) महिनोन्‌महिने दिवसाचे २३ तास घालावं लागतं, फिजिओथेरपी लागते, वाढत्या मुलाला पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. प्लास्टिक सर्जनकडून पुढच्या खर्चाचा लेखी अंदाज घ्या, बुडालेल्या मजुरीचा किंवा पगाराचा दाखला जोडा, मानसिक त्रासाची रक्कम वेगळी मांडा. त्याआधी कुणी पन्नास हजार पुढे करून ‘पूर्ण आणि अंतिम तडजोड’ लिहिलेल्या कागदावर सही मागितली, तर सर्जनचा तो अंदाज हातात येईपर्यंत सही करू नका.