ग्राफाइटवरचा एसईआय: पहिली सायकल वाचायला शिका

लिथियम-आयन बॅटरीच्या कार्बन अ‍ॅनोडवर नव्याने काम करणाऱ्यांना शंभराव्या सायकलला क्षमता किती उरली हे बघायची घाई असते. आमचा आग्रह असा, की आधी पहिली सायकल नीट वाचा. इलेक्ट्रोलाइटचं क्षपण होऊन ग्राफाइटवर जो थर बसतो, म्हणजे एसईआय (सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज), त्याचा बराचसा भाग तिथेच तयार होतो. हे नाव पेलेड यांनी १९७९ मध्ये लिथियम धातूवरच्या थरासाठी वापरलं. प्रॉपिलीन कार्बोनेट हे द्रावक कार्बनचे पापुद्रे सुटे करून टाकतं आणि एथिलीन कार्बोनेट (ईसी) ते थांबवतं, हे फाँग, फॉन झाकेन आणि डान यांनी १९९० मध्ये दाखवलं. हे दोन्ही शोधनिबंध मुळातून वाचाच.

सुरुवात हाफ सेलने करा: ग्राफाइटसमोर लिथियमची चकती. इथे लिथियम ग्राफाइटमध्ये शिरतं त्याला सायकलर (सेल चार्ज-डिस्चार्ज करणारं यंत्र) ‘डिस्चार्ज’ म्हणतो. नवा माणूस हमखास गोंधळतो. १२ मिमीच्या चकतीवर ५ मिग्रॅ ग्राफाइट असेल, तर ३७२ मिलिअँपिअर-तास प्रतिग्रॅम या हिशेबाने क्षमता १.८६ मिलिअँपिअर-तास, आणि सी/२० साठी, म्हणजे ती क्षमता २० तासांत भरेल असा, प्रवाह ०.०९३ मिलिअँपिअर. ग्राफाइटचा लेप ज्यावर असतो त्या १० मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या फॉइलची तेवढीच चकती साधारण १० मिग्रॅ भरते, म्हणजे लेपाच्या दुप्पट. फॉइलच्या वजनात ३ टक्के फरक पडला तरी क्षमतेत ६ टक्के चूक येते. म्हणून फॉइलच्या पाच-सहा कोऱ्या चकत्या तोलून सरासरी घ्या आणि ती एकूण वजनातून वजा करा. पहिल्या सायकलची कार्यक्षमता हे ग्राफाइटमधून परत मिळालेल्या आणि आत गेलेल्या चार्जचं नुसतं गुणोत्तर असतं, त्यात वजन येतच नाही. तो आकडा जास्त भरवशाचा.

आता व्होल्टेज-क्षमतेचा आलेख. ईसी असलेल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये ०.८ व्होल्टच्या आसपास एक खांदा दिसतो. डीक्यू/डीव्ही (व्होल्टेजमागे चार्ज किती बदलला) काढलं की तिथे शिखर येतं. दुसऱ्या सायकलला ते गेलेलं हवं. पुन्हा आलं, तर थर टिकलेला नाही. व्होल्टेज तिथेच रेंगाळलं आणि ०.२ कडे उतरलंच नाही, तर ग्राफाइट सोलवटतंय. व्हिनिलीन कार्बोनेट हे पूरक घातलं असेल तर ते ईसीच्या आधी क्षपण पावतं आणि खांद्याचा आकार बदलतो.

कार्यक्षमता अचानक घसरली तर आधी इलेक्ट्रोड किती सुकला ते तपासा. उरलेल्या पाण्याने एलआयपीएफ६ या इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियम मिठातून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं आणि ते थरालाच खातं. निर्वात ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर रात्रभर सुकवून इलेक्ट्रोड हवा न लागू देता ग्लव्हबॉक्समध्ये न्या.

हाफ सेल एका बाबतीत मात्र फसवतो. त्यात लिथियम मुबलक असल्यामुळे थरात अडकलेलं लिथियम क्षमतेत जाणवत नाही. फुल सेलमध्ये लिथियम फक्त कॅथोडकडून येतं, म्हणून तोच तोटा तिथे थेट क्षमतेतून वजा होतो.

थराचं रसायन बघायचं तर सेल ग्लव्हबॉक्समध्येच उघडा आणि इलेक्ट्रोड डायमिथिल कार्बोनेटने हलक्या हाताने धुवा. अजिबात धुतलं नाही तर सुकलेल्या मिठातलं फ्लोरिन एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागाचं रसायन तपासण्याच्या पद्धतीत) सगळीकडे दिसतं. जास्त धुतलं तर थराचे विरघळणारे घटक जातात. नमुन्याला हवा लागली तर थरातल्या लिथियम एथिलीन डायकार्बोनेटचं लिथियम कार्बोनेट होतं. त्यामुळे कार्बोनेटचं मोठं शिखर दिसलं, की ते सेलमधलं की हवेतलं, हे ठरवल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.