किशोरवयीन मुलांसोबत काम करणाऱ्यांचं प्रशिक्षण: या चुका टाळा

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी, जेवण झालं की मी एक प्रसंग करायला देते. एक जण आठवीतली मुलगी होतो, दुसरा तिचा वर्गशिक्षक. मुलगी म्हणते, “सर, एक सांगायचंय. पण कुणाला सांगणार नाही ना?” एवढंच वाक्य ठरलेलं, पुढचं ज्याने त्याने सुचेल तसं बोलायचं. आणि बॅच कुठलीही असो, बहुतेकांचं उत्तर तयार असतं: “नाही गं, अगदी शप्पथ.” ते मनापासून म्हणतात, मायेने म्हणतात, आणि तिथेच अडकतात.

शाळेतले शिक्षक, वस्तीत काम करणाऱ्या ताया, वसतिगृहाचे गृहपाल, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी अशा सगळ्यांसोबत मी बसते. त्यांच्या चुकांचा साचा बहुतेक एकच असतो. त्यातल्या बऱ्याच चुका प्रशिक्षणार्थींच्या नसून प्रशिक्षण आखणाऱ्यांच्या असतात, आणि त्यातल्या अनेक मी स्वतः करून बसले आहे.

शपथ घालून ऐकणं

वर म्हटलं त्या शपथेपासूनच सुरुवात करू, कारण ती सर्वांत महागात पडते. मुलगी पुढे सांगते की शेजारचा काका नको तिथे हात लावतो. आता सर काय करणार? पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा, २०१२चा. त्यातल्या कलम १९ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं, तर ते स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावंच लागतं. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दाबला, तर एक वर्षापर्यंत. सरांनी शपथ पाळली तर कायदा मोडतो आणि कायदा पाळला तर शपथ मोडते. मुलीच्या लेखी मात्र एकच गोष्ट घडते: ज्याच्यावर विश्वास टाकला त्याने फसवलं.

म्हणून वचन द्यायचं ते आधीच मोजून द्यायचं. आम्ही हे वाक्य तोंडात बसेपर्यंत म्हणून घेतो: “तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला, अंगाला धोका आहे असं वाटलं, तर मला एक-दोन जणांना सांगावं लागेल. कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.” वाचायला सोपं आहे. समोर पंधरा माणसं बघत असताना म्हणायला घ्या, तिसऱ्या शब्दाला जीभ अडखळते. म्हणूनच ते वहीत उतरवून चालत नाही, म्हणावं लागतं.

काही जणांना वाटतं, एवढं सगळं आधी सांगितलं तर मूल बोलणारच नाही. एखादं त्या दिवशी नाही बोलत, खरं आहे. पण त्याला दार कुठे आहे आणि कितपत उघडतं ते कळलेलं असतं, आणि बरीच मुलं नंतर परत येतात.

दुसरी गोष्ट चौकशीची. आपले शिक्षक मूळचे चांगले, पण प्रश्न विचारायला लागले की फौजदार होतात. “नेमकं काय केलं? किती वेळा? मग तू ओरडली का नाहीस?” शेवटचा प्रश्न तर सरळ दोष मुलीच्या पदरात टाकतो. जबाब घेणं हे आपलं काम नाही. तो कसा घ्यायचा हे कायद्यानेच सांगून ठेवलं आहे: मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आई-वडील किंवा मुलाचा ज्याच्यावर भरवसा आहे असं माणूस सोबत ठेवून. हे शिक्षकांना ठाऊक असलं की मुलाला धीर देता येतो. “पोलीस काका पकडून नेतील” ही भीती बऱ्याचदा आपणच पेरलेली असते. आपण ऐकायचं, मुलाच्या शब्दांत दोन ओळी लिहून ठेवायच्या, तारीख-वेळ टाकायची आणि कळवायचं.

इथे एक अवघड कोपरा आहे, तो प्रशिक्षणात हमखास गाळला जातो. सतरा वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांची मुलगी एकमेकांच्या प्रेमात आहेत, जवळ आले आहेत. संमतीचं वय १८ असल्यामुळे हेही कायद्याच्या कक्षेत येतं. सभागृहात हा प्रश्न आला की साधनव्यक्ती घड्याळ बघतात. टाळू नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षातलं किंवा बालकल्याण समितीवरचं कुणी सत्राला बोलवा आणि प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. आपणच वकील होण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

‘वेडंवाकडं तर मनात नाही ना?’

आत्महत्येबद्दल विचारायचं म्हटलं की आपल्या भाषेतली सगळी सभ्यता आडवी येते. आम्ही जोड्या करून सराव घेतो तेव्हा जवळजवळ प्रत्येक जण असंच विचारतो: “काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?” वाक्य नीट ऐका. ‘नाही ना?’ या शेपटीत उत्तर आधीच देऊन टाकलं आहे. मुलाला ऐकू येतं ते असं की ‘नाही’ म्हण, म्हणजे मी सुटलो. आणि ‘वेडंवाकडं’ म्हटल्यावर ज्याच्या मनात तो विचार आहे त्याने स्वतःला वेडं म्हणवून घ्यायचं का?

सरळ विचारा: “जीव द्यावासा वाटतो का?” किंवा “मरून जावं असं मनात येतं का?” विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, हा गैरसमज आहे, जागतिक आरोग्य संघटना गेली कित्येक वर्षं हेच सांगते आहे. उत्तर ‘हो’ आलं तर भाषण सुरू करायचं नाही. “आईबापांचा विचार कर” हे तर मुळीच नाही, कारण आपण त्यांना ओझं झालो आहोत हेच त्या मुलाच्या मनात असण्याची शक्यता मोठी. त्याला एकटं सोडायचं नाही, आणि त्याच्या शेजारी बसूनच पुढचा फोन लावायचा. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदत देणारी केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६.

एकदा एका पन्नाशीतल्या सरांना हा प्रश्न मोठ्याने म्हणायला चार वेळा लागले. तीनदा ते ‘जीव’ शब्दापाशी थांबून हसले. चौथ्यांदा म्हणाले, मग खाली बसून पाणी प्यायले. त्या दिवशीचं माझं बाकीचं सत्र बाजूलाच राहिलं, पण ते चाललं.

फोन न लावताच दिलेले क्रमांक

प्रत्येक प्रशिक्षणात एक झेरॉक्स वाटतात: उपयुक्त दूरध्वनी क्रमांक. ती झेरॉक्सची झेरॉक्स असते, त्यातला एखादा अधिकारी कधीच बदलून गेलेला, एखादा लँडलाइन बंद पडलेला. उपाय अगदी साधा आहे. टेलिमानसचा १४४१६ असो वा मुलांसाठीचा १०९८, सत्र चालू असतानाच गटातल्या एकाने स्पीकरवर लावायचा, आपण कोण आहोत ते आधी सांगायचं, दोन मिनिटांत विचारून फोन ठेवायचा. पलीकडून काय विचारतात, भाषा कुठली असते, हे एकदा ऐकलं की पुढे खरी वेळ येते तेव्हा हात थरथरत नाही.

सरकारी दवाखान्यातल्या किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकचंही तसंच. पत्ता दिला, काम झालं, असं नसतं. ओपीडी किती वाजता? शाळेच्याच वेळात असेल तर मूल जाणार कधी? बाहेर बाकावर गावातलंच कुणी बसलेलं असेल का? प्रशिक्षणार्थींना एकदा तिथवर चालत नेऊन आणा. कार्यक्रमपत्रिकेत मावत नसेल तर स्वागत-सत्कारातला अर्धा तास कापा. नारळ आणि शाल नसल्याने कुणाचं काही अडलेलं मी पाहिलेलं नाही.

प्रश्नपेटीतलं अक्षर

वयात येण्याच्या सत्रानंतर चिठ्ठ्यांची पेटी फिरते. कल्पना चांगली, पण करताना चुका होतात. चाळीस मुलांतली सहा-सातच लिहितात, आणि कोण लिहितंय हे सगळा वर्ग बघतो. मग वर्गशिक्षकच पेटी उघडतात, ज्यांनी वर्षभर याच वह्या तपासल्या आहेत. अक्षर ओळखतात आणि कधी कधी गालात हसतातही. पुढच्या वर्षी पेटी रिकामी येते.

सगळ्यांना सारखाच कागद द्या आणि सगळ्यांनाच लिहायला लावा. ज्याला प्रश्न नाही त्याने आज डब्यात काय खाल्लं ते लिहावं. पेन सगळ्यांचं हलायला हवं, एवढाच मुद्दा. चिठ्ठ्या बाहेरून आलेल्या माणसाने एकट्याने आधी वाचाव्यात, दोन-चार स्वतःच्या प्रश्नांच्या त्यात मिसळाव्यात आणि उत्तरं देताना चिठ्ठी हातात धरू नये. एखाद्या चिठ्ठीत मदतीची हाक असते. ती वर्गात वाचायची नसते, पण सोडूनही द्यायची नसते. “मी मधल्या सुट्टीत त्या झाडाखाली असणार आहे,” एवढं सगळ्यांना सांगून ठेवायचं.

पाच दिवसांचं दोन तासांत

राज्याचं प्रशिक्षण पाच दिवसांचं, जिल्ह्याचं तीन, तालुक्याला एक, केंद्रावर दोन तास. वरून खाली येताना काय गळतं? पीपीटी गळत नाही, ती पेनड्राइव्हवर मावते. गळतो तो सराव. म्हणजे नेमकं जे करून बघायचं तेच जातं आणि ‘किशोरावस्था म्हणजे १० ते १९ वर्षे’ ही स्लाइड प्रत्येक पायरीवर शाबूत पोचते.

वेळ कमी असेल तर विषय कापा, सराव कापू नका. २०२० मध्ये आलेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात ११ विषय आहेत. दोन तासांत ११ विषय म्हणजे प्रत्येकाची फक्त ओळखपरेड. त्यापेक्षा दोन घ्या आणि ते तोंडाने करून घ्या.

या कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून एक शिक्षक आणि एक शिक्षिका अपेक्षित आहेत. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ज्याचा तास मोकळा त्याच्या नावाने आदेश निघतो. असा माणूस पहिला दिवस पाय ओढत बसतो, आणि त्यात त्याचा काय दोष? सुरुवातीलाच विचारा, “कोणकोण आदेशावरून आलेत?” हात वर होतात, हशा होतो, हवा मोकळी होते. मग मुलांसोबतचा अडकलेला एखादा प्रसंग ज्याने त्याने लिहावा, नाव न घालता. दिवसभराचा माल त्यातूनच मिळतो.

वयाबद्दल थोडंसं. ‘किशोर’ शब्दाखाली अकरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा एकत्र बसवू नका. २०१४च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवा म्हणजे १५ ते २९, पॉक्सोत मूल म्हणजे १८ च्या आतलं. फॉर्म भरताना हे घोळ होतातच, निदान गट करताना तरी टाळा.

रात्री अकराचा मेसेज

नव्या ताया-दादांना हे कुणी सांगतच नाही. मुलं नंबर मागतात, आपण देतो, आणि एखाद्या रात्री अकराला मेसेज येतो: “ताई झोपलात का?” उत्तर दिलं तर रोजचं होतं, नाही दिलं तर मन खातं. संस्थेने एक वेगळा फोन ठेवावा, त्याच्या वेळा मुलांना सांगाव्यात, आणि त्या वेळेबाहेर जिवाची गोष्ट असेल तर १४४१६ किंवा ११२, हेही सांगावं. एकाच माणसाकडे सगळी मुलं येत असतील तर त्याचं कौतुक करण्याआधी त्याचं जेवण-झोप कशी चालली आहे ते विचारा.

राहिली पोस्ट-टेस्ट. ती संध्याकाळी पाचला, बसची वेळ झालेली असताना होते आणि सगळे पास होतात. मी ती हल्ली घेत नाही. सहा आठवड्यांनी त्याच लोकांना अर्ध्या दिवसासाठी बोलावते आणि तोच आठवीतल्या मुलीचा प्रसंग परत करायला देते. मागच्या खेपेला एका मॅडमनी “कुणाला सांगणार नाही ना?” ऐकून लगेच तोंड उघडलं, मग मिटलं, खुर्ची थोडी जवळ ओढली आणि म्हणाल्या, “आधी मी काय करू शकते आणि काय नाही, ते सांगते. चालेल?”

मुलगी झालेले सर म्हणाले, “चालेल.”